अळणी सोमवार

आपल्याला आत्ता किंवा पुढे केव्हाही स्पॉन्सरशिप लागेल का? हो. नाही. एकाच गोलात टिंब द्यावे.

*

मिठाला वास नसतो.

*

इंग्लंडच्या उत्तरेला एका कारखान्यात उकडलेली अंडी आणि मेयॉनीज यांचा लगदा दिवसभर पट्ट्यावरून पुढे सरकत असतो. खोली थंड ठेवावी लागते, म्हणून तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाचं नाक लाल असतं. कोणी रडलं तरी कळत नाही.

*

"उद्या सोमवार हाये. ध्यानात हाये नं?"

"आहे गं आई."

*

हडपसरला, गाडीतळाजवळ, पुलाच्या खांबावर चिकटवलेला कागद: परदेशात नोकरी, व्हिसा हमखास, आधी भेटा मग बोला. फोन नंबरातले शेवटचे आकडे बकरीने खाल्लेले.

*

चवीच्या चाचणीत नमुन्यांना एक, दोन, तीन असे क्रमांक देत नाहीत. 'एक' म्हटलं की माणसाला तोच चांगला वाटायला लागतो. म्हणून वाट्यांवर काहीच अर्थ नसलेले तीन-तीन आकडे टाकतात.

३१७

नम्रता अन्नशास्त्र शिकली होती. अन्नशास्त्र म्हणजे स्वयंपाक नव्हे, हे तिला वाशीमच्या मावशीपासून व्हिसाच्या खिडकीतल्या बाईपर्यंत सगळ्यांना समजावून सांगावं लागलं होतं. मावशीला शेवटपर्यंत पटलं नाही. "पोळ्या येतात नं पण?" असं ती दर फोनला विचारायची.

पदवी पुण्यात झाली, एमएस्सी इंग्लंडला. शिक्षण संपल्यावर तिथे दोन वर्षं राहायची मुभा होती. त्या दोन वर्षांत तुम्हाला स्पॉन्सर करणारी, म्हणजे 'हे माणूस आम्हाला हवंय' असं तिथल्या सरकारला लिहून देणारी आणि त्याचा खर्च उचलणारी कंपनी गाठायची. नाही गाठली तर बॅग भरायची. नम्रताने अंडी-मेयॉनीजच्या कारखान्यात दर्जा तपासायचं काम केलं. वरिष्ठ खूश होते. निरोपाला त्यांनी केक आणला, त्यावर तिचं नाव बरोबर लिहिलं होतं. स्पॉन्सरशिपचं काय, असं विचारल्यावर त्यांनी केकचा आणखी एक तुकडा पुढे केला.

आता ती हडपसरला भावाच्या फ्लॅटमध्ये होती आणि तिथूनच अर्ज करत होती. घरात तिघं. भाऊ तेजस आयटी पार्कात. आई दुर्गाबाई त्याच पार्कातल्या पोरांना डबे पुरवायची. वडील गेले तेव्हा वाशीमहून निघताना तिने दोन पातेली आणि पोळपाट बरोबर घेतलं होतं. त्यावरच दोन्ही मुलं शिकली.

नोकऱ्या नव्हत्या असं नाही. सॉसची कंपनी, सूपची कंपनी, बाळांच्या खिमटीची कंपनी. सगळ्यांना अन्नशास्त्राची माणसं हवी होती. पण अर्जात शेवटी तो एक प्रश्न यायचा, आणि 'हो'च्या गोलात टिंब दिलं की चहा गार व्हायच्या आत नकार येऊन पडायचा.

"तू 'नाही' टिक कर ना यार," तेजस म्हणाला. "एकदा इंटरव्ह्यू क्लिअर झाला की सांग सावकाश. सगळे तेच करतात."

"केलं होतं एकदा."

"मग?"

"तिसऱ्या फेरीला विचारलं त्यांनी. सांगितलं. ती बाई म्हणाली, म्हणजे आपण अर्जात खोटं लिहिलंत. फोन ठेवून दिला."

तेजसने खांदे उडवले आणि कानात हेडफोन घातला. त्याची रात्रपाळी अमेरिकेच्या सकाळशी बांधलेली होती. त्याला कुठे जावं लागत नव्हतं. अमेरिकाच त्याच्याकडे येऊन काम करून घ्यायची.

याच सुमारास दुर्गाबाईंनी सोमवार काढले. सोळा. नम्रताने धरायचे, तिच्याबरोबर त्यांनीही. दिवसभर काही नाही, संध्याकाळी पूजा झाली की गव्हाचा चुरमा. आणि दिवसभरात मिठाचा कण जिभेला लागता कामा नये. लागला तर मोडलं, पुन्हा पहिल्यापासून.

"तू नको धरू. तुला शुगर आहे," नम्रता म्हणाली.

"व्हिसा काय तुह्या एकटीचा हाये?"

९०५

पहिला सोमवार नम्रताने आईच्या समाधानासाठी धरला. दुसराही. तिसऱ्या सोमवारी एका कंपनीचं उत्तर आलं आणि तो नकार नव्हता. इंग्लंडच्या दुकानांतून मिळणाऱ्या तयार भारतीय रश्श्यांची ती कंपनी. स्पॉन्सर करायचा परवाना तिच्याकडे होता. पडद्यावरची पहिली मुलाखत आठवड्याच्या मधेच झाली, पण ती चांगली झाल्याचं कळलं ते पुन्हा सोमवारी.

शिकलेल्या माणसाला अशा गोष्टींचं काही वाटत नाही, असं नम्रता स्वतःला सांगत राहिली आणि चौथ्या, पाचव्या, सहाव्या सोमवारी उकडलेल्या बटाट्याकडेही बघेनाशी झाली. दोन वर्षं तिने सगळं शास्त्रानं केलं होतं. सीव्ही सुधारला, ओळखी काढल्या, अर्जासोबतचं पत्र प्रत्येक कंपनीसाठी वेगळं लिहिलं. त्यातलं काय लागू पडलं नाही हे कोणी सांगितलं नव्हतं. सोमवार तरी काहीतरी बोलत होते.

शेवटच्या फेरीचं पत्र आलं तेव्हा ती दोनदा वाचून बघत बसली. कंपनीचे रस्से बनायचे ते हडपसरच्या पुढे, सासवड रस्त्यावरच्या एका कारखान्यात. कंपनीच्या उत्पादनप्रमुख हेलन प्राइस स्वतः पुण्याला येणार होत्या. स्पॉन्सरशिपचं एकच प्रमाणपत्र या वर्षासाठी उरलं होतं आणि उमेदवार दोन होते, नम्रता आणि कोइमतूरचा एक मुलगा. प्रात्यक्षिक चाचणी. सोमवारी, सकाळी.

"बघ," दुर्गाबाई म्हणाल्या. "त्यानंच वार निवडला."

"आई, तिथे चाखायला लागेल."

दुर्गाबाईंचे हात परातीत होते. त्यांनी कणीक मळायचं थांबवलं नाही. "मी इतक्या लोकायले डबे देतो. कधी चाखून पायलं का? निवद दाखवल्याबिगर जिभेले लावत नाही मी. वासानं कळते. तुलेही कळते. लहानपणी सांगत जाय तू, आई, वरणात मीठ कमी हाये."

ते खरं होतं. पुढे नम्रताला त्याचं कारणही कळलं. मिठाला स्वतःचा वास नसतो, पण ते रश्श्यात पडलं की बाकीच्या वासांना पाण्यातून बाहेर ढकलतं. अळणी वरणाचा वास दबलेला असतो, मीठ पडलं की उघडतो. आई नाकाने करायची तेच पुस्तकात समीकरण होऊन आलं होतं, आणि ते पान वाचताना नम्रताला परक्या देशातल्या वाचनालयात हसू फुटलं होतं.

"चाखून थुंकायचं असतं, गिळत नाहीत," ती म्हणाली.

"जिभेले तं लागते नं?"



८४२

कारखान्यातला टेक्निकल मॅनेजर केदार आगाशे शनिवार पेठेतला होता आणि ते त्याला सांगावं लागत नसे. गेटवर तिचं ओळखपत्र बघून म्हणाला, "वेळेवर आलात. कोइमतूरहून येणारा कालच येऊन बसलाय. आपण हडपसरहून येताय म्हटल्यावर मी दुपार धरली होती."

"ट्रॅफिक नव्हतं सर."

"असं म्हणू नका. कोणी ऐकलं तर बातमी होईल."

त्याने तिला टोपी दिली, बुटांवर चढवायच्या पिशव्या दिल्या, आणि जाता जाता हलक्या आवाजात म्हणाला, "प्राइसबाई चांगल्या आहेत. कमी बोलतात. कामाचं तेवढं बोला, जमेल तुमचं."

चाखण्याच्या खोलीत लाकडी आडोसे घालून एकेका माणसापुरते कप्पे केले होते. आत लाल दिवा. रंगावरून मत बनू नये म्हणून सगळंच लाल करून टाकतात. समोर एक सरकखिडकी. पलीकडून वाट्या येतात, माणूस दिसत नाही. पाण्याचा ग्लास, तोंड साफ करायला कुरमुरे, थुंकायला झाकणाचा कागदी पेला, स्टीलचे चमचे.

खिडकी सरकली. मखनी रश्श्याच्या पाच वाट्या, झाकणं घातलेल्या, कोमट. काम साधं होतं. इंग्लंडमधे मीठ कमी करायचं फर्मान होतं. या पाचांत मीठ वेगवेगळ्या पद्धतीने कमी केलं होतं. प्रत्येकाला चवीचे गुण द्यायचे आणि बाजारात पाठवायला एक निवडायचा.

नम्रताने चमचा उचलला. अकरावा सोमवार होता.

सरकखिडकीवर टकटक करून सांगता आलं असतं. काय सांगणार? माझा उपास आहे? दोन वर्षं जिच्यापुढे उभं राहायला मिळावं म्हणून धडपड केली त्या बाईला सांगायचं, की मी अन्नशास्त्राची पदवीधर आहे आणि माझ्या जिभेला आज मीठ लागलं तर देव नोकरी देणार नाही? अंड्यांच्या कारखान्यात एकदा तिने संकष्टी आहे म्हणून डबा उघडला नव्हता, तेव्हा शेजारची मुलगी मायेने म्हणाली होती, तुमच्याकडे बायकांना उपाशी ठेवतात ना. ती माया नम्रताच्या अजून अंगावर येत होती.

आणि समजा चाखलं. समजा चाखलं आणि नोकरी गेली. मग आयुष्यभर आईच्या तोंडाकडे कसं बघायचं?

तिने चमचा खाली ठेवला. झाकण उचललं, वाटी नाकाजवळ आणली, डोळे मिटले.

पहिली वाटी दबलेली होती. टोमॅटो पुढे, लोणी मागे, कसुरी मेथी जवळजवळ नाहीच. मीठ फारच कमी. दुसरी बरी. तिसरीत काहीतरी खमंग घातलं होतं, मीठ लपवायला. यीस्टचा अर्क, तिने ओळखलं आणि तिला स्वतःचा अभिमान वाटला. चौथ्या वाटीवर ८४२ लिहिलं होतं. तिचं झाकण उचललं आणि सगळे वास एका रांगेत, आपापल्या जागी उभे. लोणी, मेथी, शेवटी वेलचीचा एक धागा. आईच्या पातेल्यावरचं झाकण उचलल्यासारखं. पाचवी तिने नीट हुंगलीसुद्धा नाही.

मग तिने गुण दिले. खारटपणा, आंबटपणा, कडवटपणा, मागे उरणारी चव. प्रत्येक रकान्यात आकडा. न चाखता. आकडे भरताना ती अडखळली नाही, कारण तिला खरंच वाटत होतं की तिला कळलंय.

५६०

हेलन प्राइस साठीच्या होत्या, केस अगदी बारीक कापलेले, हातात पेन. केदार त्यांच्या शेजारी बसला होता.

"तुम्ही ८४२ निवडलात," त्या म्हणाल्या. "का?"

नम्रता बोलली. सुगंधाच्या उलगड्याबद्दल, लोण्याच्या गोलाव्याबद्दल, मेथी कुठे येते आणि वेलची कुठे. चांगलं बोलली. केदारने एकदा मान हलवली.

"आणि गिळल्यानंतर? तोंडात मागे काय राहतं?"

"स्वच्छ," नम्रता म्हणाली. "काही राहत नाही."

"कडवटपणा?"

"नाही."

"थोडासाही नाही? धातूसारखा?"

"नाही."

केदारची मान हलायची थांबली. हेलनबाईंनी पेनचं टोपण लावलं, आभार मानले आणि पुण्यात ऊन फार आहे का नेहमी असं, असं विचारलं. मुलाखत संपल्यावर हवेची चौकशी का करतात हे नम्रताला दोन वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. तरीही रिक्षात बसल्यावर ती मनात म्हणाली, आज सोमवार आहे.

१२८

नकार शुक्रवारी आला. सभ्य होता. पुढील वाटचालीस शुभेच्छा होत्या.

शनिवारी तिने केदारला फोन केला. तो म्हणाला, या, कारखान्याबाहेर चहावाला आहे, चहा वाईट असतो पण गरम असतो.

टपरीच्या बाकावर तो आधीच बसला होता. तिच्यासाठी त्याने न विचारता चहा सांगितला.

"८४२ मध्ये निम्मं मीठ काढून पोटॅशियम क्लोराइड घातलं होतं," तो म्हणाला. "माहितीये ना ते?"

नम्रताचा हात ग्लासवर थांबला. माहीत होतं. पहिल्या वर्षाला शिकवतात. पोटॅशियमही वास तसाच बाहेर ढकलतं, मिठासारखाच. फरक फक्त जिभेला कळतो. जिभेला तो कडू लागतो, पत्र्यासारखा.

"कडू जहर होता तो नमुना. मुद्दाम तसा केला होता. आमच्या गेटवरच्या कुत्र्यालाही कळलं असतं. त्याला व्हिसा नकोय म्हणून त्याने अर्ज केला नाही, एवढंच."

तिने ग्लास खाली ठेवला.

"मला आधी वाटलं, सर्दी असेल. तसं बाईंना म्हणालोही मी. मग कप्पा आवरायला गेलो." त्याने चहा संपवला. "चमचे कोरडे होते, नम्रता. पाचही. पेला कोरडा. आणि आपण कडवटपणाच्या रकान्यात आकडे भरलेत."

"तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते माझं काम आहे." टेम्पो गेला, त्याची धूळ ग्लासांवर बसली. "त्या म्हणाल्या, जीभ तयार करता येते. मी तयार केल्यात. पण जे चाखलं नाही त्याला गुण देणारं माणूस मी कोणाच्याही अन्नाजवळ उभं करू शकत नाही."

"माझा उपास होता सर."

केदारने तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याच्या तोंडून वाकडं काही निघालं नाही.

"सोमवारचा?"

"हो. मीठ चालत नाही."

"माझी आई करायची सोळा सोमवार. माझ्या बारावीला." त्याने ग्लास बाकावर ठेवला. "अहो, मग सांगायचं की. मंगळवारी घेतली असती. बाई गुरुवारपर्यंत पुण्यात होत्या. बुधवारी मी त्यांना सिंहगडावर नेऊन पिठलं-भाकरी खायला घातली, इतका वेळ होता. धर्माची अडचण आहे म्हटल्यावर तर त्या लोकांनी आधी हात जोडले असते, मग तारीख बदलली असती. एक वाक्य, नम्रता."

"मला लाज वाटली."

"कसली?"

तिने ग्लासवरची धूळ बोटाने पुसली. चहाचे पैसे त्याने दिले, आणि उठताना म्हणाला, "कोइमतूरच्या मुलाने ८४२ तोंडात घातला आणि असा काही चेहरा केला की मला पाणी न्यावं लागलं. तो जाईल आता."

७७३

दुर्गाबाई ओट्याशी होत्या. संध्याकाळचे डबे भरून ओळीने मांडले होते. नम्रता चपला काढून आत आली, खाली बसली, पाठ फ्रीजला टेकली.

"काय म्हणला तो?"

"दुसऱ्याला घेतलं."

दुर्गाबाईंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. एक, मग पुढचं.

"लागलं नं जिभेले?" त्या म्हणाल्या. मान वर केली नाही. "खरं सांग. मी काई म्हणत नाही तुले."

नम्रताने आईच्या हातांकडे पाहिलं. बोटांची अग्रं शुगर तपासायच्या सुईने बारीक बारीक टोचलेली होती. खरं सांगायचं म्हणजे असं सांगायचं: नाही लागलं, आई. कणभरही नाही लागलं, म्हणूनच गेलं. तू वासानं कळते म्हणालीस आणि मी ऐकलं. मग आईने पुढची सगळी वर्षं कशावर उभं राहायचं?

"हो," ती म्हणाली. "लागलं."

"मी जाणलंच होतं." दुर्गाबाईंच्या आवाजात राग नव्हता, उलट काहीतरी सैल झालं होतं. हिशेब लागला होता. देव खोटा पडला नव्हता, पोरगी नालायक ठरली नव्हती. मधे फक्त एक चमचा आला होता. "तुह्याही काय दोष वं. कामच तसं हाये तुह्यं, मिठाचं. आता पहिल्यापासून धरू."

"नको आई. बस झालं."

"काऊन? मोडलं मनून सोडत असते का?"

"तुझी शुगर..."

"मायी शुगर मी पायतो. तू फक्त आता कोणी काई चाखाले देल्लं तर नाही म्हणजो. तोंड उघडून सांगजो, आज मले चालत नाही. त्यात लाजाचं काय हाये?"

नम्रताने मान खाली घातली. तेजस आतल्या खोलीत कोणाला तरी इंग्रजीत सांगत होता की आज रात्रीपर्यंत नक्की होईल, काही काळजी नको.

सोमवार आला. दुर्गाबाईंनी पहाटे गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या, आणि दुसऱ्यांच्या डब्यांची भाजी फोडणीला टाकली. झाकण उचलून वास घेतला, चिमूटभर मीठ आणखी घातलं. दुपारी कपडे वाळत घालताना त्यांना दरदरून घाम फुटला. त्यांनी गॅलरीचा गज धरला आणि हळूहळू खाली बसल्या. नम्रता धावली. साखरेचा डबा, चमचा. दुर्गाबाईंचे दात एकमेकांवर वाजत होते. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि डोळ्यांनी विचारलं, काय हाये.

"साखर आहे आई. साखर चालते. उघड तोंड."

त्यांना खात्री वाटेना. पांढरं होतं, मीठही असू शकलं असतं. नम्रताने त्यातले चार दाणे स्वतःच्या जिभेवर ठेवून दाखवले. मग त्यांनी तोंड उघडलं.

"पहिला सुटला नाही नं?" थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

"नाही सुटला."

"मंग झालं. पंधरा रायले."

नम्रता पाच वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला होता, आणि दुर्गाबाईंनी आयुष्यातला पहिला सोमवार वाशीमच्या सरकारी दवाखान्यात, तिच्या खाटेखाली बसून धरला होता.